हातगुण

२०२५च्या सप्टेंबर महिन्यातील गोष्ट. नांदेडच्या एका फ्लेक्सच्या दुकानात संगणकासमोर बसलेल्या मुलाने मान न वळवता विचारले, "सर, नावाच्या आधी डॉक्टर टाकायचं का नाही ते एकदा फायनल सांगा. सकाळपासून दोनदा बदललंय." भाची माझ्याकडे पाहू लागली. मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे शब्दांचा प्रश्न आला की घरातील सारे माझ्याकडे पाहतात. पैशांचा प्रश्न आला की पाहत नाहीत. त्या दिवशी दोन्ही प्रश्न एकाच पाटीवर आले होते.

झाले होते ते असे. ८ सप्टेंबर हा जागतिक फिजिओथेरपी दिन. त्याच्या दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचे पत्र निघाले की फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी 'डॉक्टर' लावू नये, त्यामुळे रुग्णांची दिशाभूल होते. १० तारखेला, विषयाचा आणखी विचार व्हायला हवा असे सांगून, ते पत्र मागे घेण्यात आले. म्हणजे एका दिवसापुरती माझी भाची डॉक्टर नव्हती आणि पुन्हा झाली. मी स्वतः एम.ए., सेट, पीएच.डी. अर्धवट सोडलेला. या उपाधीकडे तटस्थपणे पाहणे मला तसे सोपे नाही. तरीही मी म्हणालो, "लाव. नाहीतर लोक मालिश सेंटर समजतील." ती म्हणाली, "मामा, डॉक्टर लावलं की लोक गोळ्या मागतात." दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि फ्लेक्सवाल्याला घाई होती.

पाटीवर मराठी नाव असावे हा माझा आग्रह. राज्याच्या २००२च्या कायद्याने जी परिषद आली तिच्या मराठी नावात 'व्यवसायोपचार' आणि 'भौतिकोपचार' असे दोन शब्द आहेत. पैकी पहिला शब्द मला नेहमी गंमतीचा वाटत आला आहे. आमच्या शिक्षणक्षेत्राच्या सध्याच्या व्यवसायावरच काही उपचार असावा असे त्यातून ध्वनित होते. दुसरा आम्ही घेतला. 'भौतिकोपचार', आणि कंसात 'फिजिओथेरपी'. त्या शब्दाने पुढे काय केले ते यथावकाश सांगतो.

मुळात हा विषय माझ्यापर्यंत आला तो त्याच वर्षीच्या मे महिन्यात. भाची माझ्या थोरल्या बहिणीची, लातूरची. लातूरच्याच महाविद्यालयातून साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम करून २०२३ पासून ती नांदेडच्या एका खाजगी रुग्णालयात नोकरीला होती आणि आमच्याकडेच राहत होती. पगार १५,००० रुपये. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, शिवाय रविवार अर्धा. रात्री जेवताना ती एकदा म्हणाली, "मामा, मी नोकरी सोडतेय. स्वतःचं टाकायचं म्हणते." आणि मग थोड्या वेळाने, ताटाकडे पाहत, "तुमच्या ठेवीतले तीन लाख मिळतील का? व्याजासकट परत करीन."

मी लगेच नाही म्हणालो नाही. मी आधी तिला नोकरीचे महत्त्व सांगितले. नोकरीचे महत्त्व सांगण्यास माझ्याइतका अधिकारी माणूस सापडणे कठीण. २००१ ते २०१० अशी नऊ वर्षे मी तासिका तत्त्वावर शिकवले. तास झाला तर पैसे. दिवाळीची सुटी, उन्हाळ्याची सुटी, परीक्षेचे दिवस यांचे काही नाही. मानधनाचे बिल वर्ष-वर्ष निघत नसे. त्या काळात महिन्याच्या एक तारखेला खात्यात आपसूक जमा होणारी रक्कम ही मला जगातील सर्वांत सुंदर रचना वाटे, कोणत्याही कवितेपेक्षा. कायम झालो तेही १ नोव्हेंबर २००५ नंतर, म्हणजे जुन्या पेन्शनच्या बाहेर. त्यामुळे माझ्या ठेवीत तीन लाखांपेक्षा फार काही नव्हते, आणि ते माझ्या म्हातारपणाचे होते. हे सगळे मी तिला सांगितले. ती ऐकून घेत राहिली. मग आत गेली आणि दोन वह्या घेऊन आली.

पहिली वही हिशेबाची होती. गाळ्याचे भाडे ९,०००. वीज आणि इन्व्हर्टर मिळून २,०००. मदतीला एक बाई, ६,०००. यंत्रे आणि खाटांचे कर्ज काढले तर त्याचा हप्ता ७,०००. एकूण २४,०००. एका बैठकीचे २०० रुपये धरले तर महिन्याला १२० बैठका झाल्या की दार उघडे ठेवता येते. पंचवीस दिवसांत वाटले तर रोज पाचाच्या आत. आत्ताच्या पगाराइतके हाती राहायचे तर आणखी ७५ बैठका, म्हणजे रोज जवळपास आठ रुग्ण. मला हा आकडा फारच सोपा वाटला. आठ माणसे! आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात सकाळी आठ माणसे दुधाच्या पिशवीसाठीच उभी असतात.

"मामा, एकेका पेशंटला चाळीस मिनिटं लागतात," ती म्हणाली.

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले की या धंद्यात विकायची वस्तू कोणती आहे. किराणावाल्याचा माल पोत्यात असतो, औषधवाल्याचा फळीवर; हिचा माल घड्याळात आहे. सर्जनला एका शस्त्रक्रियेचे जे मिळते त्यासाठी हिला कित्येक महिने लोकांचे गुडघे वाकवावे लागतील. आणि दिवसाला दहा-बारापेक्षा जास्त माणसे एका जोडीच्या हातांखालून जाऊच शकत नाहीत. दुकान वाढवता येते, हात वाढवता येत नाहीत. शिवाय ती आठ माणसे रोज येणार कुठून? गुडघा दुखला की माणूस आधी तेल लावतो, मग बिब्ब्याचा चटका, मग मेडिकलवाल्याकडून गोळी, मग हाडांचा डॉक्टर. तिथून चिठ्ठी मिळाली तर फिजिओथेरपी. म्हणजे हिचे दार रस्त्यावर उघडत असले तरी खरा रस्ता दुसऱ्याच्या केबिनमधून येतो. आणि त्या रस्त्यावर कुठे कुठे टोल असतो. चिठ्ठीमागे हिस्सा. ही पद्धत सर्वांना ठाऊक आहे; तिला आळा घालण्यासाठी २०१७ साली राज्य शासनाने एका कायद्याचा मसुदाही तयार करवून घेतला होता. त्याचा कायदा झाला नाही. "हिस्सा द्यायचा नाही असं ठरवलंय," भाची म्हणाली. तिच्या वहीत त्याची रक्कम मांडलेली नव्हती, पण पहिल्या वर्षाच्या रकान्यात रोजचे रुग्ण आठ नव्हते, तीन होते. म्हणजे हिस्सा न देण्याची किंमत तिने मांडलेली होती, वेगळ्या रकान्यात.

नोकरीत यातले काही नाही हे मी पुन्हा सांगितले. ती म्हणाली, "नोकरीत मला एका तासात सहा पेशंट बघायला लावतात. तिघांना मशीन लावायची, दोघांना शेक, एकाला व्यायामाचा कागद. मी कुणाला हात लावलेला नाही, मामा, महिनाभरात." हे ती तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही.

दुसरी वही मात्र मला कधीही मागता आली असती आणि मी मागितली नव्हती. रुग्णांनी सांगितलेले दुखणे ती त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवत असे. गुडघ्याच्या वाट्या घासल्या. कंबरेत उसण भरली. मानेत लचक. खांद्यात चमक निघते. शीर आखडली. पायाला मुंग्या येतात. अंगावरून वारं गेलं. एका पानावर नुसतेच 'मुका मार' असे लिहून पुढे काही नव्हते. मी ती वही रात्री बराच वेळ वाचत बसलो. 'वारं गेलं' म्हणणारी लोह्याची बाई आणि 'अर्धांगवायू' लिहिणारा वैद्य एकाच वाऱ्याबद्दल बोलतात. आणि शेजारच्या खाटेवरचा इतवाऱ्यातला म्हातारा त्यालाच 'लकवा' म्हणतो, तो शब्द आपल्याकडे फारसी-उर्दूच्या वाटेने, निजामाच्या मुलखातून, घरचा होऊन राहिलेला. बोलीभाषांच्या चर्चासत्रात ज्यांच्यावर आम्ही निबंध वाचतो ते शब्द इथे कण्हत होते. आणि 'मुका मार' हा शब्द! रक्त नाही, जखम नाही, एक्स-रेमध्ये काही नाही, आणि तरीही मार आहे, पण तो बोलत नाही. ज्या भाषेने हा शब्द केला तिला शरीर फार आतून ठाऊक असले पाहिजे.

त्याच वहीत वारंवार येणारा शब्द 'गुण'. गुण आला, गुण नाही, अमक्याच्या हाताला गुण आहे. औषधाच्या परिणामाला मराठीत सर्रास 'गुण' म्हणतात आणि तो पुष्कळदा औषधात नसतो, देणाऱ्याच्या हातात असतो. हातगुण. (लातुरात 'गुण' म्हटले की आता निराळाच अर्थ होतो, 'लातूर पॅटर्न'ने मराठी शब्दार्थांतही बदल घडवले आहेत. असो.) भाचीच्या धंद्याची सगळी अडचण मला त्या एका शब्दात दिसली. लोक हातगुणाचे पैसे देतात. ती त्यांना सांगणार की गुण माझ्या हाताला नाही, तुमच्या पायाला आहे. घरी जा आणि दिवसातून तीनदा पाय उचला. हे ऐकायला २०० रुपये कोण देईल?

कोण देणार नाही, हे मला नेमके माहीत होते. मी दिले नव्हते.

२०१९च्या डिसेंबरात माझी आई लातूरला मोरीत घसरून पडली आणि तिचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, चांगली झाली. थोरल्या भावाच्या घरी तिला आणले आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे एक तरुण फिजिओथेरपिस्ट रोज घरी येऊ लागला. भेटीचे ३०० रुपये. मी शनिवारी-रविवारी नांदेडहून, लोहा, अहमदपूर, चाकूर करत, जात असे. तो मुलगा आईला पाय सरळ उचलायला लावी, टाच ओढायला लावी, खाटेच्या कडेला बसवी, वॉकर धरून चार पावले चालवी. अर्ध्या-पाऊण तासाने हात धुऊन निघून जाई. बाराव्या की तेराव्या दिवशी आई मला म्हणाली, "पोरगं नुसतं पाय उचल, पाय उचल म्हणतंय. औषध न्हाई, गोळी न्हाई. कशाला पैसे घालायलास? एवढं तर मीच करते की." मला ते पटले. मी महिन्याचे ९,००० असा गुणाकार मनातल्या मनात केलेलाच होता. त्या मुलाला आम्ही सन्मानपूर्वक, पुढच्या आठवड्यापासून येऊ नका असे सांगितले. भाची तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. ती म्हणाली होती, "मामा, बंद करू नका. आजी एकटी करणार नाही." तिच्या म्हणण्याकडे आम्ही दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीच्या म्हणण्याकडे पाहतात तसे पाहिले.

आईने केले नाही. म्हणजे चार दिवस केले. मग दुखते म्हणून राहिले, मग थंडी म्हणून, आणि मार्चपासून टाळेबंदी म्हणून. आई वॉकरवर संडासापर्यंत जाते, पुढे जात नाही. भावाच्या घराला तीन पायऱ्या आहेत. त्या तीन पायऱ्या उतरून ओट्यावर बसणे, भाजीवालीशी हुज्जत घालणे, हे तिचे जगणे होते. ते पाच वर्षांपूर्वी थांबले. शस्त्रक्रियेला लाखाच्या वर खर्च झाला होता आणि त्याबद्दल आम्ही भावंडांनी एकदाही घासाघीस केली नव्हती. पुढच्या ३०० रुपयांबद्दल केली. सळई दिसते, एक्स-रेमध्ये चकचकीत उभी असते. पाय उचलणे दिसत नाही.

त्या रात्री भाचीची वही समोर ठेवून तिच्या धंद्याचे धोके मी मांडत होतो, आणि तिच्या तोट्याच्या रकान्यातले गिऱ्हाईक म्हणून मला माझाच चेहरा दिसत होता.

आणखी एक गोष्ट आहे. ती जुनी आहे आणि तिचा खाजगी प्रॅक्टिसशी काही संबंध आहे असे मला तोपर्यंत वाटलेही नव्हते. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. मी सोळा वर्षांचा होतो. किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली. ती संख्या आमच्या पिढीच्या तोंडी आहे. जी गेली नाहीत, नुसती मोडली, त्यांची संख्या कोणाच्या तोंडी नाही. वडिलांची एक चुलत बहीण त्या पट्ट्यातली होती. आम्ही तिला आत्या म्हणत असू. दगडमातीच्या भिंतीखालून तिला काढले तेव्हा मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले होते. रुग्णालयात काही महिने प्लॅस्टरमध्ये राहिली. हाड जुळले. डॉक्टरांनी हाड जुळले असे सांगितले, आणि ते खरेच होते. मग ती पत्र्याच्या शेडमध्ये आली, आणि पुढे सरकारने बांधून दिलेल्या घरात. ती उभी राहिली नाही. गुडघा काठीसारखा सरळ, वाकत नसे. अकरा वर्षे खाटेवर होती. सगळे म्हणत, जीव वाचला हे काय कमी आहे. आणि सगळे म्हणत, नशीब.

ही हकीकत मी भाचीला सहज सांगितली. ती ऐकत होती, मग तिने विचारले, "प्लॅस्टर काढल्यावर गुडघा किती वाकत होता?" मला काय माहीत! "कोणी वाकवून बघितला होता का?" मी गप्प राहिलो. आजवर आत्याबद्दल लोकांनी मला पुष्कळ विचारले होते: मुले किती गेली, भरपाई किती मिळाली, घर कुठे मिळाले. गुडघा किती वाकत होता, हे बत्तीस वर्षांत कोणी विचारले नव्हते. प्लॅस्टरमध्ये महिनोन्‌महिने राहिलेला सांधा आखडतो, आणि वेळेवर, धीराने, रोज थोडा थोडा वाकवला तर पुष्कळदा सुटतो, हे तिने मला एखाद्या प्रमेयासारखे समजावून सांगितले. म्हणजे ते नशीब नसेलही. कदाचित ते फक्त न झालेले एक काम असेल.

हे ज्ञान तेव्हा नव्हते असे नाही. मुंबईत केईएम रुग्णालयात १९५० साली कमलाबाई निंबकरांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले, ही जन्माने अमेरिकन बाई लग्नाने आपल्याकडची झालेली. आणि १९५३ साली त्याच रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, पोलिओच्या सावटात, देशातील पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली. म्हणजे किल्लारीच्या चाळीस वर्षे आधी. मुंबईहून लातूरच्या एका पत्र्याच्या शेडपर्यंत यायला त्या विद्येला चाळीस वर्षे पुरली नाहीत. आता विद्या आली आहे. मुली दरवर्षी पदव्या घेऊन बाहेर पडतात आणि १५,००० रुपयांवर तासाला सहा माणसांना यंत्रे लावतात.

यंत्रांविषयी थोडे. भाचीच्या हिशेबातला ७,०००चा हप्ता मुख्यतः यंत्रांचा होता, आणि आमचा खरा वाद त्यावरच झाला. लोक यंत्राला 'करंट' म्हणतात. "तिथं करंट देतात का?" हा पहिला प्रश्न असतो. करंट दिला की काही तरी दिल्यासारखे होते. कातडीला मुंग्या येतात, पेटीवर दिवे लागतात, खाटेवर वीस मिनिटे डोळे मिटून पडता येते. ब्रिटनमध्ये 'नाइस' नावाची संस्था डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढते. तिने २०२२ साली सांध्यांच्या झिजेबाबत सांगितले की व्यायाम हा उपचाराचा गाभा, आणि या विजेच्या उपचारांना पुरेसा पुरावा नाही, ते देऊ नयेत. हे भाचीनेच मला सांगितले. मी म्हणालो, मग यंत्रे घेतेसच कशाला? ती हसली. "मामा, तुम्ही वर्गात नोट्स देता की नाही?"

हा वार वर्मी लागला. मी नोट्स देतो. कादंबरी वाचा म्हणून सांगून पाहिले. वर्ग रिकामा झाला. मग पहिली पंधरा मिनिटे नोट्स आणि पुढे कादंबरी अशी तडजोड केली, आणि वर्ग टिकला. नोट्स म्हणजे आमचा करंट. फरक इतकाच की वर्ग रिकामा राहिला तरी माझा पगार होतो. ही गोष्ट मी तिला नोकरीचा फायदा म्हणून सांगू शकलो असतो, पण सांगण्यासारखी ती राहिली नव्हती. आणि यंत्राचा दुसरा उपयोगही तिने लपवला नाही: हात दोनच आहेत, तीन खाटांवर तीन यंत्रे लावली की आठाचे बारा रुग्ण होतात. म्हणजे पोट यंत्रावर आणि विद्या हातावर. हे दोन्ही एका छपराखाली किती वर्षे प्रामाणिकपणे नांदतील, याची मला खात्री वाटत नाही. मी अजूनही तसेच म्हणतो. शेवटी तिने एकच यंत्र घेतले, तेही वापरलेले. हप्ता निम्म्यावर आला. रुग्णही कमी येतील असे मी म्हणालो, आणि तेही खरे झाले.

गावाचा प्रश्न राहिला होता. ताईचे म्हणणे लातूरच. घरचे घर, भाड्याचा त्रास नाही, औसा रोडला ओळखी आहेत. आणि मुख्य म्हणजे, "उद्या लग्न होऊन पुण्याला गेली तर गाळा काय डोक्यावर घेऊन जाईल का?" या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडे नव्हते, आजही नाही. नोकरी सोडता येते. दवाखाना सोडणे म्हणजे वर्षानुवर्षे जमवलेली माणसे सोडणे. मुलांना हा प्रश्न कोणी विचारत नाही, एवढेच मी ताईला म्हणू शकलो. भाचीने नांदेड निवडले त्याचे कारण मात्र मला वाटले होते त्यापेक्षा साधे निघाले. रुग्णालयात असताना देगलूर नाका, इतवारा या भागांतल्या बायका तिच्याकडेच यायच्या. पुरुषाच्या हाती कंबर, खुबा, खांदा देण्यापेक्षा त्या दुखणे सोसत राहतात. त्यात हिंदू-मुसलमान असा भेद नाही, वयाचाही नाही. बाळंतपणानंतर दहा-दहा वर्षे कंबर धरून चाललेल्या बायका. भाचीला त्यांची दखनी कळते, तिच्या वहीत अर्धे शब्द त्यांचेच आहेत. चिठ्ठीवाचून येणारा रस्ता तिने तिथे पाहिला होता. डॉक्टर लेनपासून जरा लांब, क्लासेसच्या भागात तिने दोन खोल्या घेतल्या. ठेव मी मोडली. मुदतीआधी मोडल्याने व्याज थोडे गेले. बायकोने ते अजून दोनदा काढले आहे.

दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, दवाखाना उघडला. पाटीवर नाव, नावाआधी डॉक्टर, नावापुढे फिजिओथेरपिस्ट, आणि खाली मोठ्या अक्षरांत माझा 'भौतिकोपचार'. पहिल्या आठवड्यात चार रुग्ण आले, आणि पाचवे गृहस्थ कंधारकडचे, बरोबर अकरावीतला मुलगा. त्यांनी आत येऊन विचारले, "नीटची फिजिक्सची बॅच कधी सुरू होणारंय? फी किती?" भाचीने त्यांना बसवले, पाणी दिले आणि हे भौतिक ते नव्हे असे समजावले. उठताना त्या गृहस्थांनी कमरेवर हात ठेवला. तिने विचारले, किती दिवसांपासून? ते आता सहा बैठका पूर्ण करून गेले आहेत. मुलगाही मान अवघडल्याची तक्रार घेऊन मधूनमधून येतो. माझ्या शब्दाने आणलेले हे एकमेव गिऱ्हाईक. पाटी बदलू का, असे ती विचारते. मी अजून उत्तर दिलेले नाही.

हिशेबाची वही मी आता पाहत नाही, पण तिने सांगितले म्हणून कळते: डिसेंबरात रोजचे सरासरी साडेचार. दार उघडे राहण्याइतके जेमतेम, पगार नाही. बरे झालेले लोक येत नाहीत हे तर झालेच. अर्धे बरे झालेलेही येत नाहीत. "सातव्या दिवशी दुखणं कमी झालं की गायब," ती म्हणते. अशांना ती फोन करते, पैशांसाठी करते असे त्यांना वाटते, म्हणून आता करत नाही. मग रात्री जेवताना त्यांची नावे घेते. अमक्याचा खांदा अजून वर जात नव्हता. तमकीने व्यायाम सोडला असणार.

जानेवारीत आईला आम्ही नांदेडला आणले. भाचीने कोनमापकासारखी एक पट्टी लावून तिचा गुडघा, खुबा मोजला आणि वहीत आकडे लिहिले. फार काही होणार नाही, सहा वर्षे झाली आहेत, असे तिने मला बाजूला घेऊन सांगितले. पण एक पायरी होईल. आई नेहमीप्रमाणे कुरकुरली. करंट आहे की इथं, तो लाव म्हणाली. भाचीने लावला नाही. खाटेच्या कडेला बसवून तिने आजीचा पाय धरला आणि म्हणाली, "दहा वेळा. मोज तू." आईने आयुष्यभर धान्य मापले आहे, खळ्यावर आणि पुढे भावाच्या दुकानात. ती पाय उचलू लागली आणि पायलीने ज्वारी घालावी तशी, 'एक' न म्हणता, मोजू लागली, "लाभ... दोन... तीन..."